काचघरातली बिऱ्हाडे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



दर वर्षी आपल्या वर्धापनदिनाला कोणी डॉक्टरीणबाई, कोणी वकीलबाई येऊन बोलतात आणि आपण ऐकतो. या वर्षी चिटणीसबाईंनी ठरवले की, आपल्यातल्याच एकीने बोलायचे, आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलायची सवय नाही. पण पापड लाटता लाटता जसे आपण एकमेकींना सांगतो, तसे सांगायला काही हरकत नाही, असा मी मनाशी विचार केला.

‘लंडनला जाऊन आलीस, तिथले काहीतरी सांग’ असा सर्वांचा आग्रह. लंडन म्हटले की राजवाडा, नदीवरचा पूल आणि ते मोठे घड्याळ. हे सारे तुम्ही चित्रांत पाहिलेले आहे. म्हणून मी आज एका बागेविषयी सांगणार आहे. तिथे झाडे काचेच्या घरांत बिऱ्हाड करून राहतात. त्या बागेचे नाव क्यू.

मी तिकडे गेले ती देश पाहायला नव्हे. धाकट्या बहिणीचे बाळंतपण होते. आमच्या आईला आता एवढा प्रवास झेपत नाही, तेव्हा थोरलीने आईच्या जागी उभे राहायचे, एवढाच त्यातला हेतू. तीन महिने राहिले. पहिले दोन महिने बाळाची अंघोळ, बाळंतिणीचे खाणेपिणे, रात्रीची जाग्रणे यांतच गेले. बाळाने जरा अंग धरल्यावर बहीण म्हणाली, “ताई, तू इतकी लांब आलीस आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे काही पाहिले नाहीस. तुला झाडांचे वेड आहे, चल, तुला झाडेच दाखवते.” मग तिकडच्या उन्हाळ्यातला एक उघडीपीचा दिवस पाहून, बाळाला बाबागाडीत घालून, आम्ही आगगाडीने निघालो. तिकिटाचे पौंड ऐकून मी मनातल्या मनात रुपयांचा हिशेब केला आणि एकदम गप्प झाले. पण आत गेल्यावर तो हिशेब कुठच्या कुठे राहिला.

प्रथम त्या बागेची थोडी माहिती सांगते. तिथल्या पाट्या इंग्रजीत. बहीण वाचून मराठीत सांगे आणि रात्री मी तिच्याकडून पुन्हा विचारून वहीत टिपून ठेवी. तीच वही आज पुढ्यात आहे.

ही बाग १७५९ साली ऑगस्टा नावाच्या राजकन्येने सुरू केली. तिसऱ्या जॉर्ज राजाची ती आई. सुरुवातीला बाग राजघराण्याची होती, १८४० साली ती सरकारच्या ताब्यात आली. पसारा सुमारे सव्वातीनशे एकरांचा. युनेस्कोने २००३ साली तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. नुसती हिंडण्या-फिरण्याची जागा असे मात्र तिला समजू नये. जगभरची झाडे आणून ती ओळखायची, जगवायची, वाढवायची आणि त्यांचा अभ्यास करायचा, हे तिथले खरे काम.

आता कोणी विचारील, झाडाला काचेचे घर कशाला? आपल्याकडे केळ परसात मोरीच्या पाण्यावर वाढते. पण त्या देशात हिवाळ्यात रात्री पाणी गोठते. आपली केळ, मिरी, नारळ एका रात्रीत काळी पडून मान टाकतील. काचेतून ऊन आत येते, पण आतली ऊब चटकन बाहेर जात नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे दार उघडताच कशी वाफ अंगावर येते, तसाच हा प्रकार. पूर्वी तिकडे काचेवर सरकारी कर असे आणि काच फार महाग पडे. तो कर १८४५ साली उठला आणि मग मोठमोठी काचघरे बांधायला हात मोकळा झाला.

तिथले सर्वांत प्रसिद्ध काचघर म्हणजे ताडामाडांचे. त्याला ते पाम हाऊस म्हणतात. १८४४ ते १८४८ या चार वर्षांत ते बांधले. आराखडा डेसिमस बर्टन यांचा आणि लोखंडाचे काम डब्लिनच्या रिचर्ड टर्नर यांचे. साडेतीनशे फुटांहून अधिक लांब, मध्यभागी साठ फुटांहून उंच आणि आत आधाराची गर्दी अगदी थोडी. लोखंडाच्या कमानी वाकवण्याची युक्ती त्यांनी जहाजे बांधणाऱ्यांकडून घेतली. म्हणून बाहेरून पाहिले की मोठे गलबत पालथे घालून ठेवावे तसे ते दिसते. काचेची तावदाने सोळा हजार. मी आपली घरच्या दोन खिडक्या पुसताना दमते, तेव्हा हा आकडा ऐकून मला आधी तिथल्या पुसणाऱ्यांचीच आठवण झाली.

पण भगिनींनो, काच काही स्वतः गरम होत नाही. थंडीच्या दिवसांत ऊन तरी कुठले यायचे? तेव्हा जमिनीखाली भट्ट्या बसवल्या होत्या. कोळसा भुयारातून रुळांवरच्या गाड्यांनी येई आणि धूर दुसऱ्या टोकाला एका उंच मनोऱ्यातून बाहेर पडे, म्हणजे बागेत काजळी नको. रात्री-अपरात्री भट्टीत कोळसा घालायला माणूस हवाच. तो झोपला तर सकाळी सगळे ताडमाड मेलेले. आता ती कोळशाची व्यवस्था राहिलेली नाही. पण ऊब आणि ओल यांवर डोळा ठेवणारे माणूस आजही लागतेच. त्या दिवशी सबंध बागेत मला जे जाणवले ते हेच. पाहुणे काच पाहून ‘वा, वा’ म्हणतात, पण झाड जगते ते काचेमागच्या हातांवर.

आत शिरलो मात्र, माझ्या चष्म्यावर वाफ धरली. दिसेनासे झाले, पण वास आला. श्रावणात कोकणातल्या वाडीत येतो तसा ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा आणि कोवळ्या हिरव्याचा वास. चष्मा पुसून पाहते तो बहीण बाबागाडीची मूठ धरून जागच्या जागी उभी. तीन वर्षांत तिचे येणे झालेले नव्हते. डोळे भरून आले होते, पण बोलली काहीच नाही. मीही काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने बाळाला उचलले आणि केळीचे पान त्याच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाली, “हे बघ, आपल्याकडे यावर जेवतात.”

त्या काचघरात केळी आहेत, मिरीचे वेल आहेत, कोको, कॉफी, रबर, नाना जातीचे ताड आहेत. गोल जिन्याने वर गेले की उंचावर चालायला सज्जा आहे. बहीण बाळाजवळ थांबली आणि मी पदर खोचून वर चढले. माडाच्या शेंड्याकडे वरून पाहायचा योग आयुष्यात तेवढाच आला. पण मला खरे नवल वाटले ते खाली आल्यावर. एका वाफ्यात, पाटी लावून, मोठ्या मानाने उभी होती कोण? आपली सदाफुली! आपल्या कुंपणाशी, गटाराच्या कडेला, कोणी न लावता उगवते ती. देवाला फूल मिळाले नाही की जिची आठवण होते, ती.

पाटीवरून कळले की सदाफुली मूळची आपली नव्हेच. ती आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाची. तिच्या पाल्यातून रक्ताच्या कॅन्सरवरची औषधे निघाली. १९५० नंतरच्या काही वर्षांत कॅनडा आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत त्यांचा शोध लागला, आणि पूर्वी जी मुले हाताशी लागत नसत, त्यांतली कितीतरी या आणि दुसऱ्या औषधांच्या जोडीने बरी होऊ लागली. मात्र एक सांगून ठेवते, हे ऐकून कोणी घरी सदाफुलीचा काढा करू नये. झाड विषारी आहे, औषध त्यातून शुद्ध करून, मोजून-मापून, डॉक्टरांच्याच हातून घ्यायचे असते.

त्याच काचघरात एक म्हातारे झाड आहे. सायकड जातीचे. आपल्याकडे बंगल्यांच्या दारात सागो पाम म्हणून लावतात त्याच्या नात्यातले. फ्रान्सिस मॅसन नावाच्या माणसाने ते दक्षिण आफ्रिकेहून आणले आणि १७७५ साली ते क्यूला पोहोचले. म्हणजे तिकडे हे झाड जहाजातून उतरले तेव्हा इकडे पुण्यात पेशवाई नांदत होती! अडीचशे वर्षे झाली, ते अजून कुंडीतच आहे. जगातले सर्वांत जुने कुंडीतले झाड म्हणून त्याची ख्याती. खोड कलंडले आहे, त्याला टेकू दिले आहेत. घरातल्या जुन्या माणसाला उशा लावून बसवावे तसे ते दिसते.

या झाडाला फुलाऐवजी कणसासारखा शंकू येतो. क्यूमध्ये त्याला तो एकदाच आला, १८१९ साली, आणि जोसेफ बँक्स नावाचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हातारपणी तो मुद्दाम पाहायला आले होते. त्यानंतर दोनशे वर्षे झाली. एवढ्या काळात किती माळी आले, किती गेले. त्यांनी रोज त्याला पाणी घातले, कुंडी बदलली, कीड पुसली. त्यांतल्या बहुतेकांना त्या झाडाने काहीसुद्धा दाखवले नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आपण रोज स्वयंपाक करतो, भांडी घासतो, आणि संध्याकाळी कोणी विचारले, ‘दिवसभर काय केलेस?’ तर दाखवायला हातात काही नसते. त्या माळ्यांचेही तसेच. पण झाड उभे आहे ना, हाच त्यांचा हिशेब.

आता एवढी झाडे सातासमुद्रापलीकडून जिवंत आली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. पूर्वी जहाजावर खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई, त्यामुळे पुष्कळशी रोपे वाटेतच मरत. लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. १८२९ साली त्यांनी एका किड्याचा कोश ओल्या मातीत घालून बरणीत बंद करून ठेवला होता. काही दिवसांनी पाहतात तो मातीतून नेच्याचे रोप उगवलेले! बरणीतले पाणी वाफ होऊन वर जाई आणि काचेवरून पुन्हा मातीत उतरे, त्यामुळे वरून पाणी घालायची गरजच पडत नव्हती. डॉक्टरांनी तशा काचेच्या पेट्या करवून घेतल्या आणि १८३३ साली रोपे भरून दोन पेट्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडल्या. रोपे जिवंत पोहोचली. बरणी तर आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला आतून सुटलेले पाणी आपण किती वेळा पाहिले असेल, पण डॉक्टरांनी त्यावर विचार केला.

त्या पेट्यांनी जग बदलले, आणि सगळेच बदल चांगले झाले असे म्हणवत नाही. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीतून हिवतापावरची कोयनेल निघते ते झाड. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतले. १८६० च्या सुमारास ते आणून निलगिरीत लावले गेले. कोयनेलीने कितीतरी लोकांचा ताप उतरला, हे खरेच आहे. रबराची कथा वेगळी. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या गृहस्थाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया क्यूला आणल्या. काचघरात त्या पेरल्या, त्यांतल्या शेकडा चारसुद्धा उगवल्या नाहीत. जी काही रोपे झाली त्यांतली बहुतेक पेट्यांत घालून सिलोनला गेली, आणि पुढे सिलोन-मलायात रबराचे मळेच मळे उभे राहिले. मळे इंग्रजांचे, राबणारे आपल्या तमिळ मुलखातले मजूर, आणि ब्राझीलचा रबराचा व्यापार बसला तो बसलाच. तेव्हा काचघरातल्या प्रत्येक झाडाच्या मागे कोणाचे तरी देणे आहे, हे पाहणाऱ्याने विसरू नये. नुसते कौतुक करून परत येणे मला बरे वाटले नाही, म्हणून हेही सांगितले.

पाम हाऊसच्या शेजारी १८५२ साली बांधलेले एक लहान काचघर आहे, ते खास कमळांसाठी. मध्ये गोल तळे. त्यात ॲमेझॉन नदीकडच्या महाकमळाची पाने तरंगतात. काठ उभे वळलेले, अगदी आपल्या परातीसारखी, पण एकेक पान पाच-सहा फुटांचे. पानाच्या खालच्या अंगाला काटे आणि जाड शिरांची जाळी असते, त्या जाळीवर ते तोलून राहते. फूल संध्याकाळी उमलते ते पांढरे. भुंगेरे आत शिरले की पाकळ्या मिटून रात्रभर त्यांना पाहुणे म्हणून ठेवून घेते, आणि दुसऱ्या संध्याकाळी उमलते ते गुलाबी होऊन. याच जातीतले सर्वांत मोठे कमळ बोलिव्हिया देशातले. त्याचे वाळवलेले नमुने क्यूच्या संग्रहात १७७ वर्षे पडून होते, आणि ती वेगळी जात आहे हे २०२२ साली जाहीर झाले. पेटीत ठेवलेल्या वस्तूकडेसुद्धा नीट पाहणारे डोळे लागतात, ते असे.

मग आम्ही मोठ्या काचघरात गेलो. ते टेंपरेट हाऊस, म्हणजे समशीतोष्ण देशांतल्या झाडांचे. पाम हाऊसच्या जवळजवळ दुप्पट. १८६३ साली खुले झाले, पण पुरे व्हायला १८९९ उजाडले. २०१३ ते २०१८ अशी पाच वर्षे ते डागडुजीसाठी बंद होते. झाडे बाहेर काढून, पंधरा हजार तावदाने नवी बसवून, मग पुन्हा दहा हजार रोपे आत लावली. एक झाड मात्र परत आले नाही. चिली देशातला एक ताड १८४६ साली बीपासून वाढवलेला होता. वाढत वाढत छपराला टेकला. हलवणे शक्य नव्हते, छप्पर आणखी वर नेता येत नव्हते. शेवटी २०१४ साली तो तोडावा लागला. मोठ्या घरालाही मर्यादा असतेच.

आणि तिथेच ते झाड पाहिले, ज्याच्यासाठी मी आज बोलायला कबूल झाले. हेही सायकडच, एन्सेफॅलार्टोस वुडी या नावाचे. नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. १८९५ साली जॉन मेडली वुड यांना दक्षिण आफ्रिकेतल्या एका जंगलाच्या कडेला या झाडाचा एकच झुबका सापडला. आपल्या पपईत जसे नर आणि मादी वेगळे, तसे यांतही असते. सापडला तो नर. त्यानंतर सव्वाशे वर्षे झाली, मादी कोणाला सापडली नाही. अलीकडे २०२४ साली यंत्राचे उडते कॅमेरे त्या जंगलावर फिरवूनही शोध झाला, तेव्हाही नाही. रानातले मूळ झाडही उरले नाही. त्या एकाच्याच फुटव्यांपासून केलेली रोपे जगातल्या काही बागांत आहेत. क्यूचे १८९९ साली आले. २००४ साली त्याला पहिल्यांदा शंकू धरला. पण बी होणार कशी? जोडीदारीणच नाही.

बहिणीने पाटी वाचून दाखवली आणि मला म्हणाली, “ताई, असे एकट्याला जगवत ठेवण्यात अर्थ काय ग?” तिने ते झाडाविषयी विचारले, की आणखी कशाविषयी, हे मला तेव्हा नक्की कळले नाही. परदेशात चार भिंतींत, लहान मूल घेऊन, दिवस दिवस एकटी असणारी ती बाई. मी लगेच उत्तर दिले नाही. मला येत नव्हते.

उत्तर मला पुढच्या दोन झाडांनी दिले. मॉरिशसजवळ रॉड्रिग्ज नावाचे लहानसे बेट आहे. तिथले कॅफे मॅरॉन नावाचे पांढऱ्या फुलांचे झाड नाहीसे झाले असे सर्वांनी धरले होते. १९८० च्या सुमारास तिथल्या एका शिक्षकांनी वर्गात त्या झाडाचे चित्र दाखवले, आणि एक मुलगा म्हणाला, हे तर आमच्या रस्त्याकडेला आहे! खरेच, एकच झाड उरले होते. १९८६ साली त्याच्या काही फांद्या विमानाने क्यूला आल्या. त्यांची रोपे झाली. फुले येत, पण बी धरेना. वर्षे गेली. कोणी म्हणाले असते, सोडून द्या. पण कार्लोस मॅग्डालेना नावाच्या माळ्याने ऊब कमी-जास्त करून, फुलांतला पराग पुन्हा पुन्हा हाताने लावून पाहिला, आणि २००३ साली त्याला फळ धरले. बी झाली, रोपे झाली आणि ती पुन्हा आपल्या बेटावर, आपल्या माहेरी गेली.

दुसरे आहे सर्वांत लहान कमळ. पान आपल्या अंगठ्याच्या नखाएवढेही असू शकते. आफ्रिकेतल्या रुवांडा देशात एका गरम पाण्याच्या झऱ्याकाठी ते १९८७ साली सापडले. पुढे झऱ्याचे पाणी वळवले गेले आणि २००८ च्या सुमारास ते तिथून नाहीसे झाले. क्यूमध्ये त्याच्या बिया रुजत, पण पाण्याखाली रोपे मरत. मॅग्डालेना यांच्या लक्षात आले की हे कमळ मुळी पाण्यात राहणारे नाही, ते ओल्या चिखलात वाढते. तसे ठेवताच २००९ साली ते फुलले. २०१४ साली एका चोराने काचघरातून त्यातले एक रोप लांबवले, तरी बाकीची जगली होतीच. आणि आनंदाची गोष्ट अशी की, २०२३ साली रुवांडातच ते पुन्हा सापडले.

परतताना बाकावर बसून मी बहिणीला म्हटले, “अर्थ आधी कळत नाही. कॅफे मॅरॉनची वीस वर्षे आधी कोणाला कळली होती? झाड जिवंत असले तर काहीतरी होण्याला जागा राहते. मेले की प्रश्न मिटला.” ती हसली. बाळाला पाजून झाल्यावर म्हणाली, “पुढच्या रविवारी तुळशीला मोठी कुंडी आणू या.” तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळस आहे. हिवाळ्यात रात्री खिडकीच्या काचेचा गारठा लागतो म्हणून ती रोज उचलून आत ठेवते आणि सकाळी पुन्हा खिडकीत. तेही एक लहान काचघरच म्हणायचे.

भगिनींनो, आपले महिला मंडळ आहे, म्हणून एक हकीकत राखून ठेवली होती. या बागेत माळीकाम पुरुषांचेच होते. १८९६ साली प्रथमच बागकामाच्या शाळेत शिकलेल्या मुली कामावर घेतल्या. पण पुरुषांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांनी पुरुषांसारखेच जाडेभरडे कपडे आणि बूट घालावेत, असा नियम! लोक त्यांना पाहायला गर्दी करीत. त्या मात्र खाली मान घालून कुंड्या भरीत राहिल्या. पुढे १९१३ साली मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांनी याच बागेतल्या ऑर्किडच्या काचघराच्या काचा रात्री फोडल्या आणि चहाचा मंडप जाळला. काचा फोडणे मला पटत नाही, त्यात बिचाऱ्या झाडांचा काय दोष? पण मान खाली घालून काम करणाऱ्या आणि मान वर करून हक्क मागणाऱ्या, दोघींची नोंद त्या बागेच्या इतिहासात आहे. पहिले महायुद्ध सुरू झाले, पुरुष लढाईवर गेले, तेव्हा बाग सांभाळायला पुन्हा बायकांनाच बोलावले.

आता शेवटचे. हे सारे ऐकून कोणाला वाटेल, ही श्रीमंत देशाची कामे, आपल्याला काय त्यांचे! आपल्याला काचघर परवडणार नाही, आणि आपल्या हवेत त्याची गरजही नाही. पण नाहीशी होणारी झाडे आपल्याकडे नाहीत का? आपल्या आजीच्या परसातला तो ठिपक्यांचा वाल, ती बुटकी गोड काकडी, भाकरीला चव असणारी ती जुनी ज्वारी, हे आज किती जणींच्या घरी आहे? बाजारातून बी आणले, लावले, संपले. पुढच्या साली पुन्हा बाजार. राखेत घोळून बी ठेवायचे हे आपल्या बायकांचे काम होते, ते आपल्या हातून गेले. क्यूवाल्यांनी २००० साली वेकहर्स्ट येथे बियांची मोठी पेढी उघडली, तिथे बी उणे वीस अंशांच्या थंडीत ठेवतात. आणि आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियांची पेढी मातीच्या घरात, मडक्यांत उभी केली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, आणि २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तेव्हा माझी सातवी आडवी येऊ नये, असे मी मनाशी म्हटले.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे आणि कंगवे आता प्रत्येकीच्या घरी ढिगाने झाले आहेत. येत्या संक्रांतीला आपण बियांचे वाण लुटू या. प्रत्येकीने माहेरी किंवा सासरी शोध करावा, आजीला, मावशीला, शेतावरच्या बायांना विचारावे आणि घरचे जुने एक तरी बी मिळवावे. पुडीवर बियाचे नाव, गावाचे नाव आणि ते कोणाकडून आले त्या बाईचे नाव लिहावे. ज्यांना अंगण नाही त्यांनी कुंडीत, डब्यात लावावे. पुढच्या वर्षी त्याचे बी धरून दुसरीला द्यावे. एकीकडचे गेले तर दुसरीकडे असेल. सगळीकडचे गेले तर मात्र त्या आफ्रिकेतल्या झाडासारखे शोधत फिरावे लागेल.

सूचना मान्य झाली तर पहिली पुडी माझी. सासूबाईंनी जपलेला, वेलीवरचा पांढरा घेवडा आहे. लंडनच्या मुक्कामात मी माझ्या धाकट्या जावेला रोज फोनवरून त्याची आठवण करीत होते, आणि तिने तो राखला. तिच्याही नावाची चिठ्ठी त्या पुडीवर असेल.